विहीणबाईंचा गुडघा

रविवार, ५ ऑक्टोबर

बॅग भरून झाली. म्हणजे सूनबाईने भरली, मी खुर्चीत बसून सूचना दिल्या. एकाही सूचनेला तिने उलट उत्तर दिलं नाही. लोकरीचे मोजे दोन जोड घाल म्हटलं तर चार घातले, आणि पावसाचा कोट माझ्यासमोर झटकून, घडी करून, सगळ्यात वर ठेवला. पोरीचं डोकं ठिकाणावर येतंय असं दिसतं.

वही अशासाठी काढली की मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते आणि नोंद केल्याशिवाय कधी ड्यूटी सोडली नाही. निवृत्तीनंतर ती सवय मोडली होती. पण या आठवड्यात एक काम तडीला न्यायचं आहे, आणि काम म्हटलं की मला नोंद लागते.

काम असं. माझा मुलगा आणि सूनबाई गेले कित्येक महिने एकमेकांशी कामापुरतं बोलतात. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसती थंडी. माझा मुलगा म्हणजे गरीब गाय, तो काय भांडणार. आता सूनबाईने बाहेरगावी नोकरीचे अर्ज टाकलेत. ती गेली तर भिंगरीला घेऊन जाणार. भिंगरी माझी नात, पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव मीच पाडलं. नवरा-बायकोचं काय व्हायचं ते होवो, मी त्यात पडत नाही. भिंगरी मात्र या घरातून जाता कामा नये.

सूनबाई कोणाचं ऐकत असेल तर तिच्या आईचं. विहीणबाईंचा जन्म पोस्टाच्या काउंटरमागे गेला. बोलणं हळू, चालणं त्याहून हळू. त्यांना एकदा पटवलं की काम फत्ते. पण घरी बोलणं होत नाही, मध्ये कोणी ना कोणी येतंच. म्हणून मी शक्कल काढली. समुद्राच्या कड्यावरून जाणारी ती नावाजलेली पायवाट आहे ना, ती आम्ही दोघींनी चालायची. दिवसा चालायचं, रात्री लॉजवर मुक्काम, सामान लॉजवाल्यांची गाडी पुढे नेते. कड्यावर माणूस पळून जाणार कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मी.

विहीणबाई पहिल्याच फोनला हो म्हणाल्या. चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी बुकिंग करून टाकलं. एरवी साधा बल्ब बदलायला ह्याला तीन आठवडे लागतात. मी म्हटलं, तरणी मुलं ही वाट दोन दिवसांत संपवतात, आपण तीन घेऊ. तर म्हणाला, नको आई, सहा दिवसांचं घे, सावकाश जा. पोटच्या पोराला काळजी असते, फक्त बोलून दाखवत नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी सूनबाई भिंगरीला झोपेतून उठवून खाली बसपर्यंत घेऊन आली. मी म्हटलं, कशाला उठवलंस, शाळेला वेळ आहे अजून. म्हणाली, असू दे, आजीला नीट भेटू दे. भिंगरी अर्धवट झोपेत माझ्या गळ्यात पडून राहिली. गरम गरम, जड. शेवटी मीच तिचे हात सोडवले, ड्रायव्हर खोळंबला होता. बस वळेपर्यंत मायलेकी तिथेच उभ्या होत्या. एरवी सूनबाई मला दारापर्यंतही सोडायला येत नाही. वारं फिरलंय म्हणायचं.

वाट सुंदर आहे हे कबूल करायला हवं. उजव्या हाताला गवताचे उतार, डाव्या हाताला काही नाही. म्हणजे खाली खूप खोल समुद्र आहे, पण आधी नुसती हवा. पक्षी आपल्या पायांच्या खाली उडतात, त्यांच्या पाठी दिसतात. इतकी वर्षं जगले पण पक्ष्याची पाठ कधी पाहिली नव्हती. मला उंचीची भीती नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, त्यामुळे कडेला जाऊन उभं राहावं लागलं. मनात दहा आकडे मोजले आणि मग मागे सरकले.

विहीणबाई मात्र रांगताहेत. दिसला बाक की बसल्या. बाकांवर कोणाकोणाच्या आठवणीच्या पट्ट्या ठोकल्यात, त्या सगळ्या वाचतात, आणि चुकीचा पत्ता शोधत असल्यासारख्या पुन्हा वाचतात. उजवा गुडघा दुखतो म्हणाल्या. मी तिथल्या तिथे गवतात बसून दाबून पाहिला. सूज नाही, गरम लागत नाही, वाकतो व्यवस्थित. दुखतो म्हणतात तर दुखत असेल. मी माझी काठी देऊ केली, तीही घेतली.

त्यांना फोन फार येतात. आला की उठून लांब जातात. त्या वेळी बरं भराभर जाता येतं.

आज विषय काढला नाही. नव्या पेशंटला पहिल्या दिवशी काही विचारू नये, आधी खाटेची सवय होऊ द्यावी.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज काढला. पायऱ्यांचा एक मोठा चढ आहे, तो चढून गेल्यावर दम लागलेला माणूस मध्ये बोलत नाही, हे हेरून तिथेच सुरुवात केली.

मी सगळं मांडलं. भिंगरीची शाळा इथे, मैत्रिणी इथे, तिला ताप आला तर रात्रभर उशाला बसणारी आजी इथे. नोकरी काय, इथेही मिळेल. नवरा बोलत नाही म्हणून कोणी घर सोडतं का? ह्यांनी तरी मला उभ्या आयुष्यात किती वाक्यं ऐकवली असतील, आणि मी केलाच ना संसार. विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

मग मी त्यांना मार्चमधला प्रसंग सांगितला, त्यांना माहीत नसेल म्हणून. मार्चमध्ये सूनबाई एकदा बॅग भरून तयार झाली होती. दुपारची गाडी होती. मी काय केलं, भिंगरीला शाळेतून परस्पर घेतलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला माझी जुनी सिस्टर मैत्रीण राहते तिच्याकडे नेलं आणि फोन बंद करून ठेवला. मजेत होतो आम्ही. भिंगरीने दोन वेळा आईस्क्रीम खाल्लं. अंधार पडल्यावर घरी आलो, तोवर गाडी गेलेली. सूनबाई जिन्यात बसली होती, चपला न घालता. पोरीला उचलून आत गेली. त्यानंतर तिने बॅगेचं नाव काढलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

विहीणबाईंनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, हो, मला कळलं होतं ते.

त्यांना माझी हुशारी आवडली की नाही ते समजलं नाही, पण विरोधही केला नाही. आणि खरं सांगायचं तर लग्नाच्या बोलण्यांपासून या बाईने मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. मुलीची आई म्हणून असेल, की स्वभावच तसा. मी तारीख म्हटली, त्या हो म्हणाल्या. मी हॉल बदला म्हटलं, हो म्हणाल्या. अशा माणसांशी व्यवहार सोपा असतो. आज 'तुम्ही म्हणता ते खरं' तीनदा मिळालं, 'बघू या' दोनदा. उद्या-परवात पक्कं करून टाकते.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज चाललोच नाही. विहीणबाई म्हणाल्या, पाऊल टाकवत नाही, आजचा दिवस लॉजवरच राहू. लॉजच्या मालकीणबाई चांगल्या आहेत, खोली रिकामीच होती म्हणाल्या. आता परतीचा दिवस शनिवारवरून रविवारवर गेला. विहीणबाईंनीच चिरंजीवांना फोन करून तसं कळवलं.

एक गंमत. काल-परवा उजवा गुडघा दुखत होता. आज मलम लावायला गेले तर डावा पुढे केला. मी म्हटलं, विहीणबाई, हा डावा. तर म्हणाल्या, अय्या हो, याच्यावर भार येतो ना. लाजल्या. म्हातारपणी माणूस लक्ष वेधून घ्यायला शिकतं, मी वॉर्डात पुष्कळ बघितलेत असे. कोणी विचारपूस करावी एवढंच हवं असतं. मी दोन्ही गुडघ्यांना मलम लावलं.

संध्याकाळी घरी फोन केला. भिंगरी झोपली म्हणे, इतक्या लवकर. चिरंजीवांचा आवाज घुमत होता, विहिरीत बसून बोलल्यासारखा. विचारलं तर म्हणाला, खोलीतलं सामान हलवून साफसफाई चालली आहे. माझ्या मागे घर झाडताहेत. सूर्य कुठून उगवला आज?

भिंगरीसाठी मालकीणबाईंच्या दुकानातून लाकडाचा पक्षी घेतला. दोरी ओढली की पंख हलतात.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अक्षर वाकडं येतंय.

क्रमाने लिहिते, नाहीतर मला माझंच कळायचं नाही.

आजचा टप्पा सगळ्यात उंच कड्यावरचा. वारा असा की बोललेलं तोंडातून काढून घेऊन जाईल. वाट एका माणसापुरती, कडेला कठडा नाही, एक तार आहे. ती कोणाला वाचवायला नसून मेंढ्यांसाठी आहे. विहीणबाई पुढे होत्या, गुडघ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. कडा ओलांडल्यावर आडोशाला एक बाक लागला. मी पक्षी काढून दाखवला, पंख हलवून दाखवले. त्यांनी तो हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, हीच वेळ.

मी म्हटलं, बोलणं पुष्कळ झालं. आता तुम्ही मला शब्द द्या, की लेकीला समजावाल, की भिंगरी आमच्याकडे राहील.

"नाही," विहीणबाई म्हणाल्या.

मला वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मी पुन्हा विचारलं.

"नाही देता येणार शब्द. 'हो' म्हणून तुम्हाला आजवर पुष्कळ फसवलं, पण शब्द देऊन नाही फसवता येत." पक्षी त्यांनी मांडीवर ठेवला. "तिला नोकरी लागली आहे. सामान मंगळवारी गेलं. उद्या सकाळी अकराच्या गाडीने दोघी निघताहेत."

मला सुचलं ते मी विचारलं. म्हटलं, आणि गुडघा?

"गुडघा चांगला आहे."

मला हसू आलं की काय कोण जाणे, तोंडातून काहीतरी आवाज निघाला. तीन दिवस मी या बाईच्या धडधाकट गुडघ्यांना मलम चोळत होते. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी, आणि ही बाई माझ्याआधीच ताक घेऊन मोकळी.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. विश्वासघात म्हटलं, बायकांनी असं करावं का म्हटलं, तुमच्या पोरीला मी सख्ख्या लेकीसारखं वागवलं म्हटलं. त्या ऐकत राहिल्या. पोस्टात रोज कोणी ना कोणी असं ओरडत असेल, त्या बसून ऐकत असतील. शेवटी माझा आवाज बसला तेव्हा त्या बोलल्या.

"तुम्ही वाईट नाही हो. तिला ताप आला की तुम्हीच बसता, हे माझी लेकसुद्धा सांगते. पण तुम्ही सोडत नाही. मार्चमध्ये दिवसभर ती पोरीला शोधत रस्त्याने फिरली. पोलिसांत गेली होती. सहा तास तिला वाटत होतं की पोर गेली कुठेतरी. मला फोन करून नुसती श्वास घेत होती."

पोलिसांत गेल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आजीबरोबर होती, कुठे गेली असती? त्यांनी पक्षी माझ्या हातात परत दिला.

तिथल्या तिथे चिरंजीवांना फोन लावला. म्हटलं, तुझ्या डोळ्यांदेखत तुझी पोर घेऊन जाताहेत, तू काय करतो आहेस? तो म्हणाला, "आई, मला माहीत आहे. आमचं ठरलंय दोघांचं. खोकी मीच बांधली." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाला, "तू घरात असतीस तर जमलं नसतं."

गरीब गाय. माझ्याच घरात बसून, माझ्याच तोंडावर, सहा दिवसांचं घे आई, सावकाश जा.

म्हणजे फिरायला मी विहीणबाईंना आणलं नव्हतं, मला पाठवलं होतं. सगळ्यांनी मिळून. पेशंटला भूल द्यायची तर त्याच्याशी गोड बोलतात, आकडे मोजायला सांगतात. मी आयुष्यभर ते करत आले, तरी मला कळलं नाही.

कड्यावर ना रस्ता ना गाडी. पुढच्या लॉजपर्यंत चालत जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी धावायचा प्रयत्न केला. वाऱ्याने ते जमू दिलं नाही. त्या अरुंद वाटेवर मी भिंतीला धरावं तसं गवताला धरून उतरले, आणि मागून विहीणबाई येत होत्या, धरू का म्हणाल्या, मी नको म्हटलं. लॉजवर पोचलो तेव्हा चारची शेवटची बस गेलेली. मार्चमध्ये तिची गाडी गेली, आज माझी. हे मला सुचलं आणि सुचल्याबद्दल माझाच राग आला.

सकाळी सहाला बस आहे. ती घरी दहाच्या आत पोचते.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

विहीणबाई पहाटे माझ्या दाराशी आल्या. मी बॅग घेऊन तयार होते. त्या म्हणाल्या, मी अडवणार नाही तुम्हाला, लेकीला कळवणारही नाही तुम्ही येताय म्हणून. मी विचारलं, कुठल्या गावी चाललीय ते तरी सांगा. म्हणाल्या, ते मात्र सांगू नको असं तिने शपथ घालून सांगितलंय. मी बाहेर पडले.

थांब्यावर एकटीच बसले. गार होतं. मनात सगळं ठरलेलं होतं. दहाला पोचायचं, जिना चढायचा, दार वाजवायचं. भिंगरी धावत येणार. ती आली की तिला उचलायचं. आणि मग?

तिथेच अडले. मग काय, हे मला पुढे दिसेना. उचलल्यावर तिला खाली कसं ठेवायचं, ते मला येत नाही. खूप प्रयत्न केला, डोळे मिटून बघितलं. प्रत्येक वेळी मी तिला घेऊन जिना उतरत होते, सूनबाई मागे ओरडत होती आणि भिंगरी तिच्याकडे बघत होती, माझ्या खांद्यावरून.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, येताय ना मावशी? मला उठायचं होतं. मी काही त्याग-बिग केला नाही, कोणी वाचलंच ही वही तर तसं समजू नये. मला उठायचंच होतं. पाय उठले नाहीत. त्याने थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा विचारलं, मग दार लावून गेला.

बस गेल्याबरोबर मी उभी राहिले. हे पाय माझे आहेत का कोणाचे!

लॉजवर परत आले तर विहीणबाई जेवणघरात चहाचे दोन कप समोर घेऊन बसल्या होत्या. मी येणार हे त्यांना माहीत होतं का, की दुसरा कप उगीच मागवला होता, मी विचारलं नाही. प्यायले.

मग चालायला निघालो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सामान पुढे गेलं की माणसालाही जावं लागतं. आजचा टप्पा सोपा, सपाट. ऊन होतं. ठिकठिकाणी जोडपी बसली होती, फोटो काढत होती, आम्हालाही हसून नमस्कार करत होती. त्यांना वाटलं असेल, बघा दोघी म्हाताऱ्या बहिणी कशा निवांत फिरताहेत.

अकरा वाजले तेव्हा आम्ही कड्याच्या टोकाला होतो. मी घड्याळ बघितलं नाही, विहीणबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या थांबल्या, वाटेतच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. लहान पोरासारख्या, आवाज करून. मला वाटलं होतं त्या जिंकल्या आहेत. मी म्हटलं, तुम्हाला काय झालं रडायला, तुमच्या मनासारखं तर झालं.

"माझ्या मनासारखं?" त्या म्हणाल्या. "एकुलती एक लेक आहे माझी. चार गल्ल्यांवर होती. रोज संध्याकाळी येऊन जायची. मीच सांगितलं जा म्हणून."

मला हे सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं सुचलं. एवढे दिवस माझं, भिंगरीचं, आमच्या घराचं चाललं होतं, आणि या बाईची लेकही त्याच गाडीत बसून चालली होती. त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार? नाडी बघितली, भराभर चालत होती. मनगट हातात होतं ते तसंच धरून ठेवलं. त्यांनी सोडवून घेतलं नाही.

माझा राग गेला का? नाही. लिहून ठेवते, गेलेला नाही. पण रागावून करायचं काय? माझ्या हातात काहीच नाही. वॉर्डात अशी वेळ यायची. सगळं करून झालेलं असायचं, नातेवाईक विचारायचे, सिस्टर, आता काय? आणि मी म्हणायचे, वाट बघा. किती सहज म्हणायचे.

रविवार, १२ ऑक्टोबर

वाट संपली. शेवटी एक दीपगृह आहे, बंद आहे. लोक त्याला हात लावून परत फिरतात. आम्हीही लावला.

बसमध्ये विहीणबाई माझ्या खांद्यावर झोपल्या. मी हलले नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

घर स्वच्छ आहे. चिरंजीवांनी खरोखरच झाडून काढलं आहे. भिंगरीच्या खोलीत खाट होती तिथे जमिनीचा रंग वेगळा दिसतो, चौकोनी. परवा रात्री आले तर तो जेवण वाढून बसला होता. ओरडायचं ठरवून आले होते. त्याचं तोंड बघितलं, गाल आत गेलेत. दोघं जेवलो. भिंगरी सुट्टीत येईल असं ठरलंय म्हणाला. कुठल्या सुट्टीत ते त्यालाही माहीत नाही. पत्ता त्याच्याकडे आहे, पण मला द्यायचा नाही असा त्याने शब्द दिलाय. शब्द पाळणारी माणसं माझ्या घरात आहेत हे मला नव्यानेच कळतंय.

आज संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. तिचा स्वतःचा, मला. नंबर नवा. कशा आहात वगैरे झालं. तिचा आवाज सावध होता, मांजराला हात लावताना असतो तसा. मी म्हटलं, मोजे कमी पडले, चारही जोड भिजले. ती हसली नाही, पण थोडी सैल झाली. मग म्हणाली, भिंगरीला देते.

भिंगरी बोलत सुटली. नव्या शाळेत एक मुलगा चिखल खातो. तिची खाट आता खिडकीशी आहे. आईने भिंतीला पिवळा रंग देऊ म्हटलंय. मी हं हं करत होते. सूनबाई जवळ नव्हती, भांड्यांचा आवाज लांबून येत होता. अशा वेळी लहान मुलाकडून काहीही काढून घेता येतं, मला ती कला येते. खाली दुकान कुठलं आहे, शाळेच्या दारावर काय लिहिलंय, बस कुठल्या रंगाची. चार प्रश्नांचं काम होतं. पहिला प्रश्न ओठांवर आला होता.

"आजी, ओळख, माझ्या खिडकीतून काय दिसतं?" तिनेच विचारलं.

मी म्हटलं, काय दिसतं?

"एक झाड. आणि एक कुत्रा."

असं झाड आणि असा कुत्रा कुठल्याही गावात असतो. मी म्हटलं, वा, छान. कुत्रा कसा आहे? म्हणाली, थांब, बघून सांगते. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग धावत गेलेली पावलं. ती परत आली नाही. विसरली असणार, ती भिंगरीच. मी फोन तसाच कानाला धरून बसले. कुठेतरी नळ सुरू होता. मग कोणीतरी खुर्ची सरकवली, भिंगरी हसली, आणि सूनबाईसुद्धा हसली. आमच्याकडे असताना ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

बऱ्याच वेळाने कोणीतरी येऊन फोन बंद केला. मी बोलले असते तर त्यांना कळलं असतं मी अजून आहे म्हणून. मी बोलले नाही.